डिफॉल्टरची यादी लावण्याआधी एक फोन करा

मुंबईतल्या कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य, उपप्राचार्य आणि संस्थाचालक यांस,

सा. न. वि. वि.

पहिलं सत्र संपत आलं की आपल्या प्रत्येकाच्या कॉलेजात एक कागद निघतो. तुकडी, रोल नंबर, नाव, हजेरीचे टक्के, आणि वर ठळक अक्षरांत 'डिफॉल्टर लिस्ट', म्हणजे हजेरी कमी पडलेल्यांची यादी. खाली सूचना असते, की पालकांना घेऊन उपप्राचार्यांना भेटल्याशिवाय परीक्षेला बसता येणार नाही. तो कागद टाइप करून, शिक्का मारून नोटीस बोर्डाच्या काचेआड लावणाऱ्यांपैकी मी एक आहे. मुंबईतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी लिपिक आहे आणि माझी बहुतेक नोकरी विद्यार्थ्यांच्या खिडकीपाशी झाली आहे.

माझी विनंती अशी: जे मूल नियमित यायचं आणि अचानक यायचं बंद झालं, त्याचं नाव यादीत टाकण्याआधी कॉलेजातून कुणीतरी त्याला फोन करावा. दटावायला नाही, विचारपूस करायला. तरुण मुलांच्या आत्महत्या थांबवायच्या तर कॉलेजच्या हातात असलेला सगळ्यात साधा उपाय हा आहे, असं मला मनापासून वाटतं. आणि तो बहुतेक ठिकाणी होत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यात महाराष्ट्रातले १,७६४, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. त्याच अहवालात 'परीक्षेतील अपयश' या कारणापुढे देशभरातले २,२४८ मृत्यू आहेत. ते सगळे विद्यार्थीच होते असं धरलं तरी दहा हजारांहून जास्त मुलं दुसऱ्या कशाने तरी गेली. घरातली भांडणं, आजारपण, प्रेमप्रकरण, पैशाची ओढाताण, जातीवरून किंवा भाषेवरून झालेला अपमान. कागदावर एका मृत्यूपुढे एक कारण लिहिलं जातं. प्रत्यक्षात चार गोष्टी एकदम अंगावर आलेल्या असतात आणि त्यातली एखादीच बाहेर दिसते.

आपण मात्र जागे होतो ते फेब्रुवारी-मार्चमध्ये. बोर्डाच्या परीक्षा आल्या की समुपदेशकांचे नंबर छापून येतात, 'तणावमुक्त परीक्षा' अशी व्याख्यानं होतात. मग मे महिन्यात निकालाचा आठवडा. बाकी वर्षभर, ऑगस्टच्या पावसात किंवा दिवाळीनंतरच्या सुस्त दिवसांत, एखादं मूल आतून खचत असेल तर त्याच्याकडे बघण्याचं काम कुणाच्याच नावावर नसतं. परीक्षेची काळजी जरूर घ्या. पण वर्षाचे बाकीचे नऊ-दहा महिनेही मुलं आपल्याकडेच असतात.

आता खिडकीविषयी थोडं सांगते, कारण ती बाजू आपल्यापर्यंत क्वचित पोचते.

रेल्वे कन्सेशनचा फॉर्म घ्यायला मुलं महिन्याने नाहीतर तीन महिन्यांनी येतात. बदलापूर, टिटवाळा, नालासोपारा, पनवेल. फॉर्मवर स्टेशन लिहिताना चार शब्दांची देवाणघेवाण होते. पास कधी संपला हे आमच्या रजिस्टरात असतं. लांबून येणाऱ्या मुलाचा पास संपून तीन आठवडे झाले आणि तो फॉर्म घ्यायला आला नाही, तर तो कॉलेजला येत नाहीये हे आम्हाला वर्गशिक्षकांच्या आधी कळतं. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख उलटून जाते, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धवट राहतो, ग्रंथालयाची पुस्तकं एकदम सगळी परत येतात, कुणी वर्षाच्या मध्येच डिपॉझिट मागतं. प्रत्येक वेळी त्यामागे काही भयंकर असतं असं नाही. बहुतेक वेळा नसतंच. पण विचारल्याशिवाय ते कळत नाही.

एका मुलाबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून खुणा बदलल्या आहेत. दुपारी खिडकी बंद व्हायच्या सुमाराला आला. शर्ट इस्त्रीचा, आवाज अगदी शांत.

"मॅडम, एलसी पाहिजे होती."

"कुठे ॲडमिशन मिळाली?"

"कुठे नाही. असंच. आणि डिपॉझिट आईच्या नावावर देता येईल का? नंतर तिला फेऱ्या नकोत."

त्या 'नंतर'ने माझा हात थांबला. मी त्याला आत बोलावलं, पंख्याखालच्या खुर्चीवर बसवलं. शिपाई मामा न सांगता चहा घेऊन आले. स्टाफरूममधून मानसशास्त्राच्या मॅडमना बोलावलं. त्यांनी इकडचं-तिकडचं काही न बोलता, खालच्या आवाजात सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतोय का रे?" मुलाने डोकं टेबलावर टेकवलं आणि 'हो' म्हणाला. मग रडायला लागला, आणि मग बोलायला लागला. वडिलांचं भिवंडीतल्या गोदामातलं काम सुटलं होतं. फीचा दुसरा हप्ता राहिला होता. दोन विषयांत नापास होऊन केटी लागली होती, ती घरी सांगितली नव्हती. पास संपला तो पुन्हा काढला नव्हता, आणि तरी रोज सकाळी डबा घेऊन घरातून निघत होता. आणि यादीत नाव लागलं होतं: पालकांसह भेटणे. वडील तेव्हा रोज नाक्यावर काम शोधत होते; एक खाडा म्हणजे त्या दिवशीची चूल. त्यांना कॉलेजात आणून काय सांगायचं, या विचाराने तो फाटकातून आत यायचाच बंद झाला होता.

त्या संध्याकाळी त्याला एकट्याला सोडलं नाही. सायनला त्याची आत्या राहायची, तिला बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आणि आत्या त्याला महापालिकेच्या रुग्णालयात मानसोपचार ओपीडीला घेऊन गेल्या. फीचे हप्ते पाडून मिळाले. पुढे औषधं, फॉलोअप, एक वाईट महिना, मग थोडा बरा, असं चालत राहिलं. त्याने परीक्षा दिली, तीही पुढच्या वर्षी.

त्या दिवशी तो खिडकीशी आला म्हणून कळलं. जे येत नाहीत त्यांचं काय, हा माझा प्रश्न आहे.

यादीची सूचना ज्या मुलाला उद्देशून असते, त्याच्या जागी उभं राहून ती वाचून बघावी. ज्याचं घर ठीक आहे त्याच्यासाठी पालकांना आणणं म्हणजे थोडी लाज आणि घरी ओरडा, इतकंच. पण काही घरांत वडील मारतात. काही घरांत आई चार घरची धुणीभांडी करते आणि एक दिवस गेली नाही तर काम जातं. काही मुलींना एवढंच निमित्त पुरतं, की 'कॉलेजला जात नाहीस ना, मग बस घरी'. अशा मुलांना ती सूचना आत ओढत नाही, बाहेर ढकलते. शिवाय नाव सगळ्या कॉलेजसमोर लागतं, कुणीतरी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकतं, आणि मग ते काचेआडून काढलं तरी फिरत राहतं.

पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम आपण बनवलेला नाही, हे मला माहीत आहे. नियम राहू द्या. हजेरी कमी असल्याचं त्या विद्यार्थ्याला एकट्याला कळवता येतं, मेसेज करता येतो, हातात पत्र देता येतं. भिंतीवर लावलंच पाहिजे असं काही नाही.

आपल्यापैकी काहीजण म्हणतील, की बाई, अर्धा वर्ग तर कायमच रिकामा असतो, किती जणांना फोन करायचे? रास्त आहे. अकरावी-बारावी सायन्सला तर मुलं प्रॅक्टिकलपुरती येतात, कॉमर्सला लेक्चर संपायच्या आत कॅन्टीनमध्ये असतात. त्यांच्या मागे लागा असं मी म्हणतच नाही. ज्याची चाल बदलली त्याच्याकडे बघा. रोज येणारी अचानक येईनाशी झाली. एकही प्रॅक्टिकल न चुकवणाऱ्याने लागोपाठ दोन बुडवली. फॉर्म भरला नाही, कन्सेशन नेलं नाही, ग्रुपमधून बाहेर पडला. अशी नावं एका तुकडीत आठवड्याला दोन-चार निघतील. वर्गशिक्षक, लॅब असिस्टंट, ग्रंथालय आणि ऑफिस यांनी आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं एकत्र बसून ती काढली, तर कुणावरच मोठा भार पडत नाही. आज ही माहिती चार टेबलांवर चार तुकड्यांत पडलेली असते.

फोन कुणी करायचा? ज्याला ते मूल ओळखतं त्याने. पहिला फोन मुलाच्याच नंबरवर. घरी थेट लावला तर काही ठिकाणी आगीत तेल पडतं. "दिसला नाहीस बरेच दिवस, बरा आहेस ना?" इतकंच पुरे. हजेरीचा विषय त्या फोनवर काढूच नये. उचलला नाही तर मेसेज, दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, मग जवळच्या मित्राला निरोप. आणि बोलता बोलता 'कंटाळा आलाय सगळ्याचा', 'माझ्यामुळे घरच्यांना त्रास', 'आता नाही होणार माझ्याने' असं काही ऐकू आलं, तर विषय बदलू नये, उपदेश करू नये, 'तुझ्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढले' असं तर मुळीच म्हणू नये. आमच्या मॅडमनी विचारलं तसं सरळ विचारावं. तसं विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार येतो ही भीती पुष्कळांना वाटते. अभ्यास उलटं सांगतात: विचारल्याने धोका वाढत नाही, कित्येकांना हायसं वाटतं, की चला, कुणीतरी नीट विचारलं. उत्तर 'हो' आलं तर मात्र गुप्ततेची शपथ घेऊ नये. त्याला एकटं सोडायचं नाही, ज्या मोठ्या माणसावर त्याचा विश्वास आहे त्याला बोलवायचं आणि डॉक्टरपर्यंत सोबत जायचं. नुसती चिठ्ठी लिहून 'जाऊन ये' म्हटलं तर ते मूल पोचत नाही.

हे सगळं शिकावं लागतं, आणि शिकवायची जबाबदारी आता आपल्यावर आली आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेसारख्या हेल्पलाइनचे नंबर वर्गात, हॉस्टेलमध्ये, संकेतस्थळावर मोठ्या अक्षरांत दिसले पाहिजेत. गुणांवरून मुलांच्या तुकड्या शक्यतो पाडायच्या नाहीत, चारचौघांत अपमान करायचा नाही. आणि वर्षातून किमान दोनदा सगळ्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं, शिक्षक आणि शिक्षकेतर दोन्ही. धोक्याच्या खुणा कशा ओळखायच्या, मानसिक प्रथमोपचार कसे करायचे, कुठे पाठवायचं, हे त्या प्रशिक्षणात यायला हवं.

शिक्षकेतर हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. त्यात मी आहे, आमचे शिपाई मामा आहेत, ग्रंथालयातल्या ताई, गेटवरचे वॉचमन, हॉस्टेलच्या मावशी आहेत. मुलं प्राध्यापकांशी बोलताना सावरून बोलतात. जिन्यात बसून रडणारी मुलगी मामांना आधी दिसते. आजवर कुठल्याही कार्यशाळेचं निमंत्रण आमच्या टेबलापर्यंत आलं नाही. आम्ही फक्त तिची प्रमाणपत्रं छापली.

समुपदेशकाविषयीही दोन शब्द. नेमणूक झाली की काम झालं असं नाही. एकाच संस्थेच्या शाळा, ज्युनियर, सीनियर मिळून एकच मॅडम, त्याही कंत्राटी, आठवड्यातून दोन दिवस. आणि बसायला प्राचार्यांच्या केबिनशेजारची खोली, दारावर भलीमोठी पाटी. त्या दारातून आत जाताना कोण बघतंय हे मूल दहादा बघतं आणि जात नाही. खोली ग्रंथालयाच्या मागे, जिमखान्याच्या बाजूला, कुठेही द्या, पण तिथे जाणं कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये. आणि तिथे झालेलं बोलणं स्टाफरूममध्ये पोचू नये. एकदा पोचलं की पुढची दोन वर्षं त्या खोलीत कुणी येत नाही.

'इंटिग्रेटेड'वाल्या, म्हणजे कॉलेज आणि खासगी क्लास यांच्या करारातून प्रवेश घेतलेल्या मुलांची गोष्ट वेगळी आणि जास्त काळजीची आहे. नाव आपल्या पटावर, मूल दिवसभर क्लासमध्ये. २०१८ मध्ये शिक्षण खात्याने सायन्सच्या ज्युनियर कॉलेजांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तो याच प्रकाराला आळा घालायला. तरी व्यवस्था चालूच राहिली. या मुलांचं क्लासमध्ये टेस्टचा रँक कुणीतरी बघतं, कॉलेजमध्ये त्यांचं कुणी काहीच बघत नाही. सोळा-सतरा वर्षांचं पोर, अकरावीच्या सहामाहीपर्यंत कॉलेजातल्या एकाही माणसाला नावाने माहीत नसलेलं. आपण त्याची फी घेतली आहे, त्याच्या दाखल्यावर आपला शिक्का उमटणार आहे. निदान दर महिन्याला एक तास ही मुलं कॉलेजात यावीत आणि कुणा एका शिक्षकाला त्यांची नावं पाठ असावीत, एवढी अट क्लासशी करार करताना घालता येणार नाही का?

कुठल्या तरी वर्षी, सगळं करूनही, एखाद्या कॉलेजवर ती वेळ येते. तेव्हा संस्थेची पहिली धडपड नाव वाचवायची असते: 'घरगुती कारण', 'कॉलेजशी संबंध नाही', ऑफिसला सूचना की कुणाशी बोलू नका. त्या आठवड्यात सगळ्यात जास्त धोका त्याच्या बाकावरच्या मित्राला, भांडण झालेल्या मैत्रिणीला, आधीच खचलेल्या तिसऱ्याच कुणाला असतो. त्यांच्यापाशी कुणी बसलं का, हे आधी बघायला हवं. वर्गात नीट, थोडक्यात, खरं सांगावं. कसं केलं याची चर्चा होऊ देऊ नये. फोटो, शेवटचे मेसेज ग्रुपवर फिरवू नका, असं मुलांना समजावून सांगावं. वार्ताहर दारात आले तर प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये आत्महत्येच्या बातम्यांबाबत घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वं त्यांच्या हातात ठेवावीत. पद्धतीचं वर्णन नको, सनसनाटी मथळा नको, हे त्यात स्पष्ट आहे.

आणि पोलिसांची भीती. मुलाने प्रयत्न केला आणि वाचला, तर घरचे आणि कधी कधी कॉलेजही ते दडपतं, 'केस होईल' म्हणून. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ सांगतं, की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरायचं, तिच्यावर खटला चालवायचा नाही, आणि तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारची. दंड संहितेतला प्रयत्नाबद्दलच्या शिक्षेचा जुना गुन्हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तसा उरलेला नाही. हे दोन-तीन ओळींत लिहून प्रत्येक पालकसभेत वाचून दाखवा. दडपल्याने उपचार राहतात, आणि एकदा प्रयत्न केलेल्या मुलाला पुन्हा धोका असतो.

मुंबईत उपचार मिळत नाहीत अशी तक्रार निदान या बाबतीत आपल्याला करता येणार नाही. केईएम, सायन, नायर या तिन्ही पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, केसपेपर काढून थोडक्या पैशांत तपासणी होते. गर्दी असते, सकाळ जाते, म्हणून सोबत कुणी असणं महत्त्वाचं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' सेवा फोनवरून समुपदेशन करते. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे: १४४१६ या नंबरवर, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ ही चाइल्डलाइन आहेच.

हे पत्र प्राचार्यांना आहे, पण वाचता वाचता एखाद्या मुलाच्या हाती लागलं तर, बाळा, तो १४४१६ तुझ्यासाठी आहे. रात्री दोन वाजतासुद्धा लागतो. आणि फोन नको वाटत असेल तर उद्या खिडकीशी ये. काम काय आहे ते सांगायची गरज नाही, 'आत येऊ का' एवढंच म्हण.

प्राचार्य महोदय, आपल्याकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. या सत्राची यादी नोटीस बोर्डावर लावू नये, ज्याची त्याला कळवावी. आठवड्याच्या त्या पंधरा मिनिटांच्या बैठकीला एक वार आणि एक वेळ ठरवून द्यावी, आणि तिला ऑफिसचा एक माणूस बोलवावा. आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या पहिल्या प्रशिक्षणाची तारीख दिवाळीच्या सुट्टीआधी जाहीर करावी. त्या दिवशी खिडकी अर्धा दिवस बंद राहील अशी सूचना मी स्वतः लावेन. मुलं समजून घेतील.

कळावे,

आपली विश्वासू,
विद्यार्थी विभागातली एक लिपिक, मुंबई